लढाई संपल्यानंतरचे मृत्यू : फिनलंड, १९१८

पाणंद

फिनलंडमधल्या टांपेरे या शहरात मी नोकरीनिमित्त सहा वर्षे राहत आहे. दोन तळ्यांना जोडणाऱ्या खळाळत्या प्रवाहाच्या काठी उभ्या असलेल्या लाल विटांच्या कापडगिरण्या पाहिल्या की मुंबईच्या माणसाला गिरणगाव आठवावे, अशी या शहराची ठेवण आहे. इथे कालेवानकांगास नावाची दफनभूमी आहे. तिच्या एका भागात १९१८ च्या यादवीत मेलेल्या ‘लाल’ म्हणजे समाजवादी क्रांतीच्या पक्षाच्या दोन हजारांहून अधिक माणसांना एकत्र पुरलेले आहे. रशियन राज्यक्रांतीबद्दल आपण मराठीत पुष्कळ वाचतो. तिच्याच धगीत पेटलेल्या आणि साडेतीन महिन्यांत चिरडल्या गेलेल्या शेजारच्या क्रांतीबद्दल मात्र मला मराठीत फारसे काही आढळले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. फिनलंड १८०९ पासून झारच्या अधिपत्याखालचा स्वायत्त प्रदेश होता. १९०६ मध्ये तिथे २०० सदस्यांची एकसदनी संसद आली आणि स्त्रियांसह सर्व प्रौढांना मताधिकार मिळाला. १९१६ च्या निवडणुकीत समाजवादी लोकशाही पक्षाने १०३ जागा जिंकल्या. झार पदच्युत झाल्यावर, जुलै १९१७ मध्ये, या संसदेने अंतर्गत कारभाराची सर्वोच्च सत्ता स्वतःकडे घेणारा कायदा केला. तेव्हा रशियाच्या, म्हणजे पेत्रोग्राडच्या, हंगामी सरकारने ती संसदच बरखास्त केली आणि फिनलंडमधल्या उजव्या पक्षांना ते गैरसोयीचे वाटले नाही. ऑक्टोबरच्या निवडणुकीत समाजवादी ९२ जागांवर आले. दरम्यान झारशाहीचे पोलीस दल कोसळलेले, रशियातून येणारे धान्य आटलेले, आणि गावोगाव दोन्ही बाजूंची सशस्त्र पथके उभी राहिलेली. खेड्यांत ‘तोर्पारी’ नावाचा वर्ग होता. आपल्याकडच्या कुळांसारखाच तो दुसऱ्याची जमीन कसत असे, खंडापोटी मालकाच्या शेतावर राबत असे, आणि मालकाच्या मर्जीवर बेदखल होत असे. ६ डिसेंबर १९१७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण त्या स्वातंत्र्याचे रक्षण कोणते सैन्य करणार हा प्रश्न तसाच राहिला. जानेवारी १९१८ च्या अखेरीस लाल पथकांनी हेलसिंकी ताब्यात घेतली. सिनेटचे (तिथे तेव्हा सरकारला हे नाव होते) काही सदस्य निसटून पश्चिम किनाऱ्यावरच्या वासा येथे गेले आणि झारच्या सैन्यात सेनापती राहिलेल्या मान्नरहाइम यांच्या हाती ‘पांढऱ्या’, म्हणजे सिनेटच्या बाजूच्या, सैन्याची सूत्रे आली. ६ एप्रिलला टांपेरे पडले, १३ एप्रिलपर्यंत पांढऱ्यांच्या मदतीला आलेल्या जर्मन तुकड्यांनी हेलसिंकी घेतली आणि २९ एप्रिलला वीपुरी पडले. १६ मे रोजी मान्नरहाइम यांनी राजधानीत विजयाचे संचलन केले.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. १९९८ ते २००३ या काळात फिनलंडच्या पंतप्रधान कार्यालयाच्या पुढाकाराने या काळातल्या मृतांची नावनिशीवार नोंद करण्यात आली. त्या नोंदींनुसार प्रत्यक्ष लढाईत पांढऱ्यांचे सुमारे ३,४०० आणि लालांचे सुमारे ५,२०० लोक मेले. लढाईबाहेर, म्हणजे पकडून, घरातून ओढून नेऊन किंवा भिंतीपाशी उभे करून मारलेल्यांत पांढऱ्या बाजूचे सुमारे १,४०० आणि लाल बाजूचे सुमारे ७,४०० लोक होते. त्यानंतर छावण्या आल्या. सुमारे ८०,००० कैदी सुओमेनलिन्ना, हेनाला, तम्मिसारी अशा ठिकाणी कोंडले गेले आणि त्यांपैकी सुमारे १२,००० भूक व रोगाने मेले. एकूण मृत्यू ३६,००० च्या पुढे जातात आणि त्या वेळी देशाची लोकसंख्या जेमतेम ३१ लाख होती.

या आकड्यांपेक्षा मला त्यांच्या तारखा अधिक बोलक्या वाटतात. लालांनी केलेल्या हत्या दोन वेळी उसळतात : सत्ता हाती घेतल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत आणि पाय मागे घेताना एप्रिलमध्ये. दोन्ही वेळी कोणाचा हुकूम कोठे चालतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. पांढऱ्यांच्या हत्यांना सर्वाधिक वेग येतो तो एप्रिलच्या अखेरीपासून मेअखेरपर्यंत, म्हणजे निकाल लागल्यावर. छावण्यांतले मृत्यू तर उन्हाळ्यातले आहेत, जेव्हा देशात एकही लाल तुकडी शिल्लक नव्हती. ‘त्यांनी केले म्हणून आम्ही केले’ हे स्पष्टीकरण इथे अपुरे पडते. क्रांतीची हिंसा गोंधळातून येते आणि प्रतिक्रांतीची हिंसा व्यवस्था परत आल्यावर, कागदावर सही होऊन येते, असे माझे मत बनले आहे. आपली मते वाचायला आवडतील.

कोरडवाहू

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु त्यात एक पारडे आपण हळूच हलके केले आहे, असे मला वाटते. ऑक्टोबर १९१७ ची निवडणूक समाजवाद्यांनी गमावली होती. ९२ जागा हा मोठा आकडा असला तरी ते बहुमत नव्हे. ज्या देशात प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत होते आणि संसद चालू होती, तिथे मतपेटीत हरल्यावर तीनच महिन्यांत बंदुकीने राजधानी घेणे याला आपण ‘क्रांती’ म्हणता आणि तिला हाणून पाडणाऱ्यांना ‘प्रतिक्रांती’. शब्द निवडतानाच निम्मा निकाल लागतो. शिवाय ‘गोंधळ’ हे सौम्य नाव झाले. निःशस्त्र कैद्यांना मारणारा माणूस गोंधळलेला असतो, असे त्या कैद्याच्या घरच्यांना सांगून पाहावे.

पाणंद

कोरडवाहू, आपला दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. टांपेरेजवळच्या सुइनुला गावात ३१ जानेवारीला शरण आलेल्या पांढऱ्या पक्षाच्या तरुणांवर लाल पथकाने गोळ्या झाडल्या, आणि वीपुरीच्या तुरुंगात, शहर हातचे जाणार हे दिसत असताना, एका रात्रीत सुमारे ३० कैदी मारले गेले. मरणाऱ्यांत जमीनदार, पाद्री, शाळकरी मुले होती. ‘गोंधळ’ हा शब्द मी कारण म्हणून वापरला होता, सबब म्हणून नव्हे, पण तो सबबीसारखा वाचला जातो हे खरे आहे.

शब्दांबद्दल मात्र थोडे अधिक लिहितो, कारण हा प्रश्न फिनलंडने शंभर वर्षे चघळला आहे. विजेत्यांनी या घटनेला ‘वापाउस्सोता’ म्हणजे स्वातंत्र्ययुद्ध म्हटले, जणू शत्रू फक्त रशियन होता. हरलेल्यांना उद्देशून ‘कापिना’ म्हणजे बंड हा शब्द होता. डावीकडचे लोक ‘लुओक्कासोता’, म्हणजे वर्गयुद्ध म्हणत. ‘सिसाल्लिससोता’, म्हणजे देशाच्या आतले युद्ध, हा आज रूढ असलेला शब्द त्या मानाने थंड आहे आणि बहुधा म्हणूनच टिकला. ज्याला स्वातंत्र्ययुद्ध म्हणायचे, त्यात मारला गेलेला टांपेरेचा गिरणीकामगार कोणत्या यादीत लिहायचा? रशियन म्हणता येत नाही आणि फिनिश म्हटले तर युद्धाचे नावच बदलावे लागते. अनेक दशके तो कोणत्याच सरकारी स्मारकावर नव्हता.

‘क्रांती’ या शब्दाबाबत इतकेच म्हणेन की लाल नेत्यांनी स्वतः तो वापरला. तो आदराचा शब्द आहे असे मी मानत नाही.

दफ्तरखाना

धागाकर्त्यांनी तारखा पाहण्याची जी पद्धत वापरली आहे ती मला अतिशय योग्य वाटते. परंतु तीच पद्धत फ्रान्सला लावली तर त्यांचा सिद्धान्त उलटा पडतो, हे नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो.

फ्रेंच राज्यक्रांतीतली ‘दहशत’ म्हटली की पॅरिसच्या चौकातले गिलोटिन आणि त्याखाली मान देणारे सरदार-उमराव, हे चित्र आपल्या शालेय पुस्तकांपासून डोक्यात बसलेले आहे. प्रत्यक्षात न्यायालयीन शिक्षेने मारल्या गेलेल्या सुमारे १७,००० लोकांपैकी पॅरिसमधले सुमारे २,६०० होते आणि एकूण मृतांत उमरावांचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होते. निम्म्याहून अधिक शिक्षा पश्चिम फ्रान्समध्ये झाल्या, जिथे व्हाँदे प्रांत पेटला होता. फेब्रुवारी १७९३ मध्ये प्रजासत्ताकाने ३ लाख सैनिकांच्या भरतीचा हुकूम काढला. आधीच पाद्र्यांवरच्या सक्तीने चिडलेल्या शेतकऱ्यांनी मार्चमध्ये उठाव केला आणि माशकूल गावात क्रांतीच्या बाजूच्या लोकांची कत्तल केली. पुढे राजा आणि चर्च यांच्या नावाने एक मोठे शेतकरी सैन्य उभे राहिले. ही प्रतिक्रांती होती, यावर दुमत नसावे.

या सैन्याचा निर्णायक पराभव साव्हने येथे २३ डिसेंबर १७९३ रोजी झाला. ही तारीख लक्षात ठेवावी. जनरल त्युरोच्या ‘नरकतुकड्या’ प्रांतात शिरल्या त्या जानेवारी १७९४ च्या अखेरीस, म्हणजे त्यानंतर महिनाभराने. घरे, धान्याची कोठारे, गुरे आणि हाती लागेल ते माणूस नष्ट करत त्या वसंतापर्यंत फिरत होत्या. २८ फेब्रुवारीला ले लुक या गावात जे घडले त्याची यादी तिथल्या पाद्र्याने केली. तिच्यात ५६४ नावे आहेत आणि त्यांत तान्ही मुले आहेत. नाँत शहरात कारिये या प्रतिनिधीने कैद्यांना होड्यांत भरून ल्वार नदीत बुडवले. पॅरिसमध्येही तेच दिसते : आरोपीचा बचावाचा हक्क काढून घेणारा कायदा जून १७९४ मध्ये आला, जेव्हा सीमेवरचे संकट ओसरत होते, आणि शिरच्छेदांना सर्वाधिक वेग त्यानंतरच्या सहा-सात आठवड्यांत आला.

इथे सही करणारे, हिशेब ठेवणारे, जिंकल्यावर मारणारे क्रांतीचे सरकार आहे आणि मरणारे प्रतिक्रांतीचे शेतकरी. मग धागाकर्त्यांना जे प्रतिक्रांतीचे लक्षण वाटले ते खरे तर विजेत्याचे लक्षण नव्हे काय?

माळरान

दफ्तरखाना यांच्याशी सहमत. त्यात नोव्हेंबर १९२० चा क्रिमिया जोडावा. बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या जनरल व्रांगेलचे सैन्य जहाजांत बसून निघून गेले, मागे राहिलेल्या अधिकाऱ्यांना अभयाचे आश्वासन मिळाले, त्यांना नावे नोंदवायला बोलावले गेले आणि नोंदवलेल्यांतले हजारो लोक पुढच्या काही महिन्यांत गोळ्या घालून मारले गेले. तिथेही लढाई संपलेली होती आणि तिथेही यादी होती. ती बोल्शेविकांच्या हातात होती, इतकाच फरक.

पाणंद

दफ्तरखाना, माळरान, माझा सिद्धान्त मी मागे घेतो. व्हाँदेबद्दल मी वाचले होते, पण साव्हनेची तारीख आणि त्युरोची तारीख शेजारी ठेवून कधी पाहिली नव्हती. धाग्याच्या शीर्षकात सुदैवाने ‘प्रतिक्रांती’ हा शब्द नाही, त्यामुळे ते बदलावे लागत नाही.

तरीही एक फरक मला दिसतो, तो मांडून ठेवतो. फ्रान्समध्ये त्युरोला मे १७९४ मध्ये परत बोलावले गेले आणि कारियेला तर ज्या संसदेने पाठवले होते तिनेच डिसेंबर १७९४ मध्ये गिलोटिनवर चढवले. त्यात न्यायबुद्धी किती आणि स्वतःचे हात धुऊन घेण्याची घाई किती, हा वेगळा प्रश्न आहे. (त्युरो मात्र निर्दोष सुटला, पुढे अमेरिकेत फ्रान्सचा राजदूत झाला, आणि पॅरिसच्या विजयकमानीवर त्याचे नाव आजही कोरलेले आहे.) फिनलंडमध्ये लालांसाठी विशेष देशद्रोह न्यायालये बसली. त्यांनी सुमारे ६७,००० लोकांना दोषी ठरवले आणि ५५५ जणांना देहदंड सुनावला, ज्यांपैकी ११३ अंमलात आले. या दोन आकड्यांची तुलना न्यायालयाबाहेर मारलेल्या सुमारे ७,४०० शी करावी. न्यायालय बसेपर्यंत बहुतेक मारून झाले होते. पांढऱ्या बाजूच्या ज्या लोकांनी बंड मोडताना ‘मर्यादा ओलांडली’, त्यांच्यावर खटले चालू नयेत अशी व्यवस्था १९१८ च्या अखेरीस माफीच्या हुकमाने केली गेली.

जबाबदारी कोणाची, यावर फिनलंडमध्ये मान्नरहाइम यांच्या २५ फेब्रुवारीच्या हुकमाची चर्चा नेहमी होते. सैन्याच्या पिछाडीला घातपात करणाऱ्यांना जागीच गोळी घालावी, असा त्याचा आशय होता. हुकूम पिछाडीपुरता होता, पण हाताखालच्या लोकांनी तो किती रुंद वाचायचा हे त्यांच्यावर सोडलेले होते. वीपुरीत तो इतका रुंद वाचला गेला की लालांशी काहीही संबंध नसलेले, उलट पांढऱ्यांच्या स्वागताला रस्त्यावर आलेले रशियन रहिवासीसुद्धा दोनशेहून अधिक संख्येने मारले गेले. ते रशियन बोलत होते, एवढे त्या दिवशी पुरले.

कोरडवाहू

मर्यादा ओलांडणाऱ्यांना माफी आणि बंडखोरांना न्यायालय, ही विषमता मला माहीत नव्हती. माझा पहिला आक्षेप मात्र मी मागे घेत नाही. संसद चालू असताना केलेला सशस्त्र उठाव हा उठाव करणाऱ्यांच्याच लोकांना सर्वांत महाग पडतो, हे या आकड्यांतूनच दिसते.

सांजवेळ

मी व्यवसायाने डॉक्टर आहे, त्यामुळे छावण्यांविषयी लिहिते. धाग्यात ‘भूक व रोगाने मेले’ असे एका वाक्यात आले आहे आणि त्यावर कोणी थांबले नाही. वास्तविक सर्वांत मोठा आकडा तोच आहे. भुकेने आलेल्या मृत्यूला राजकीय हिंसा म्हणायचे की दुर्दैव, हा या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न मला वाटतो.

पांढऱ्या सरकारच्या बाजूने जे म्हटले जाते ते खोटे नाही. त्या वर्षी देशभर अन्नटंचाई होती, रशियाचे धान्य बंद होते, बाहेरचे नागरिकही अर्धपोटी होते, आणि लोकसंख्येच्या जवळजवळ अडीच टक्के माणसे एकाएकी कोंडल्यावर त्यांना खायला घालण्याची तयारी कोणत्याच सरकारची नसते. स्पॅनिश फ्लूनेही त्यांतले तीन-चार हजार नेले असावेत. पण मग मी छावणीनिहाय मृत्यूचे प्रमाण पाहिले. काही ठिकाणी ते ५ टक्क्यांच्या आसपास आहे आणि तम्मिसारीत सुमारे ३४ टक्के आहे. देश तोच, टंचाई तीच, साथ तीच. साथीच्या रोगांच्या अभ्यासात असा फरक दिसला तर आम्ही हवामानाला दोष देत नाही. आम्ही स्वयंपाकघर, पाणी, शौचालय आणि अधिकारी पाहतो. टंचाईने माणसे दुबळी झाली हे खरे, पण त्या दुबळ्या माणसांतली किती मरणार हे छावणीच्या कारभाराने ठरवले.

तम्मिसारीची पाहणी रॉबर्ट टिगरस्टेट यांनी केली होती. शरीरक्रियाशास्त्र शिकलेल्यांना हे नाव परिचित असेल, कारण मूत्रपिंडातून रक्तदाब वाढवणारे ‘रेनिन’ हे द्रव्य त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १८९८ मध्ये दाखवून दिले. कैद्यांना मिळणारा आहार जगण्यापुरताही नाही, हे आहारशास्त्राच्या हिशेबाने मांडणारा अहवाल त्यांनी १९१८ च्या उन्हाळ्यात अधिकाऱ्यांना दिला. तो स्वीडनच्या वृत्तपत्रापर्यंत पोहोचला आणि बाहेर बोभाटा झाला. टिगरस्टेट लालांचे सहानुभूतिदार नव्हते. ते प्रस्थापित वर्गातले प्राध्यापक होते. अधिकाऱ्यांना माहीत नव्हते, असे त्या अहवालानंतर म्हणता येत नाही. म्हणून माझ्या मते हे मृत्यू हत्यांच्या रकान्यात बसत नाहीत आणि दुर्दैवाच्याही नाही. त्यांच्यासाठी तिसरा रकाना करावा लागेल.

दफ्तरखाना

सांजवेळ यांचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत मोलाचा आहे. माझ्या उदाहरणातही हा तिसरा रकाना आहे : त्युरोच्या तुकड्यांनी धान्य आणि गुरे नष्ट केल्यावर जे लोक नंतर उपाशी मेले, त्यांची नावे कोणत्याच पाद्र्याने लिहिली नाहीत. व्हाँदेच्या एकूण मृतांचा वाद आजतागायत मिटत नाही, त्याचे हेही एक कारण आहे.

धागाकर्त्यांना एक प्रश्न. इतके होऊनही फिनलंड पुढे स्पेनच्या वाटेने, म्हणजे यादवीनंतर हुकूमशाहीकडे, का गेला नाही?

पाणंद

त्याचे एकच उत्तर नाही, पण क्रम सांगण्यासारखा आहे. १९१८ च्या ऑक्टोबरमध्येच कुळांना कसत असलेली जमीन विकत घेण्याचा हक्क देणारा कायदा झाला, म्हणजे बंडामागची एक मोठी तक्रार बंड मोडणाऱ्यांनीच काढून घेतली. बहुतेक कैदी त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सुटले, कारण त्यांना पोसणे परवडत नव्हते आणि शेते-गिरण्या त्यांच्याविना बंद होत्या. नोव्हेंबरमध्ये जर्मनी हरली आणि जर्मन राजपुत्राला फिनलंडचा राजा करण्याचा बेत बारगळला. मार्च १९१९ च्या निवडणुकीत, म्हणजे पराभवानंतर वर्ष उलटण्याआधी, समाजवादी लोकशाही पक्षाने २०० पैकी ८० जागा जिंकल्या. ज्यांचे बाप आणि भाऊ खड्ड्यात पुरले होते त्यांनी मतदान केले आणि ते मोजले गेले. कोरडवाहू यांना संसदेचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. त्याचा खरा पुरावा १९१७ मध्ये नाही, इथे आहे, असे मला वाटते.

हे सरळ रेषेत झाले नाही. १९३० मध्ये कम्युनिस्टांवर बंदी आली, कट्टर कम्युनिस्टविरोधी लापुआ चळवळीचे लोक डाव्यांना पळवून नेऊन मारहाण करत, आणि १९३२ मध्ये त्यांनी मँत्सालात सशस्त्र उठाव केला. तो मोडला तेव्हा अध्यक्षपदी स्विनहुफवुद होते, म्हणजे १९१८ च्या पांढऱ्या सिनेटचेच प्रमुख. दुसरीकडे १९२६ मध्ये वॅइनो तान्नर यांचे समाजवादी सरकार आले आणि त्याने १९२७ मध्ये शेवटच्या पन्नासेक लाल कैद्यांना मुक्त केले. त्याच वर्षी अध्यक्ष आजारी असल्यामुळे १६ मेच्या पांढऱ्या विजयसंचलनाची मानवंदना तान्नर यांना घ्यावी लागली आणि त्यांनी ती घेतली. त्यांच्या पक्षातल्या अनेकांना ते गिळवले नाही. सोव्हिएत आक्रमणाचे हिवाळी युद्ध संपल्यावर, १९४० मध्ये, मान्नरहाइम यांनी ते संचलन बंद करून मे महिन्यातला एक रविवार दोन्ही बाजूंच्या मृतांच्या स्मरणाचा केला.

माळरान

मान्नरहाइम यांचा पुतळा टांपेरेत आहे असे वाचले होते. तो शहरात कुठे आहे?

पाणंद

शहराच्या मध्यभागी नाही. तो चौकात बसवण्यावरून इतका वाद झाला की शेवटी १९५६ मध्ये तो शहराबाहेर, लेइनोलाच्या जंगलातल्या टेकडीवर उभा केला गेला. त्या बाजूच्या उंचवट्यावरूनच त्यांनी टांपेरेची लढाई पाहिली, असे सांगतात. झाडांमधून पायवाट जाते. पुतळ्यावर अधूनमधून कोणीतरी लाल रंग ओततो आणि ‘लाहतारी’, म्हणजे खाटीक, असे लिहून जातो. १९१८ मध्ये लाल लोक पांढऱ्यांना याच शब्दाने हिणवत असत.

मी गेलो होतो तेव्हा नुकतीच सफाई झालेली होती. चौथऱ्याच्या खाचांत थोडा रंग राहिला होता.